पांगाऱ्याची पोकळ कुंभी : मऊ लाकडाला आधार देत केलेलं कातकाम

माघ-फाल्गुनात पान न् पान गळून गेलेलं झाड लालभडक फुलांनी पेटतं आणि साळुंक्या, बुलबुल, सूर्यपक्षी त्याच्यावर तुटून पडतात, तेव्हा पांगारा सगळ्यांना दिसतो. बाकीच्या वर्षात तो कुंपणाचा खुंट असतो, नाहीतर मिरीच्या किंवा पानवेलीच्या वेलाचा आधार. फांदी तोडून रोवली की फुटते, म्हणून लावायला सोपा. लाकडाचा विषय निघाला की मात्र लोक म्हणतात, ‘त्याचं काय करणार? जाळायलासुद्धा धड नाही.’

सावंतवाडीच्या चितारआळीत मात्र या लाकडाची किंमत जुनी आहे. तिथली रंगीत लाकडी फळं, भाज्या, खेळणी घडवायला चितारी मंडळी पांगारा वापरत आली. वजनाला हलका, कोरायला मऊ, रंग धरायला पांढराफटक. सागवानाच्या निम्म्याहून हलकं असं हे लाकूड आहे. हातात घेतलं की आपण काहीतरी पोकळ उचललं असं आधीच वाटतं, आणि खरंच पोकळ केलेली कुंभी तर तळहातावर जाणवतही नाही.

इथे मी १५ सेंटिमीटर व्यासाची, साधारण २० सेंटिमीटर उंचीची, अरुंद तोंडाची शोभेची कुंभी लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, कशी कातायची ते पायरीपायरीनं सांगतो. तुम्ही साधा वाडगा कातलेला आहे आणि हत्याराला धार लावता येते, एवढं गृहीत धरलं आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. मऊ लाकूड म्हणजे सोपं लाकूड नव्हे. शिसवासारख्या कठीण लाकडाचा तंतू पात्यासमोर ताठ उभा राहतो, म्हणून कापला जातो. पांगाऱ्याचा तंतू कापला जाण्याआधी दबतो, वाकतो, मग मुळातून उपटून निघतो. त्यातच या लाकडात घट्ट तंतूंचा एक पट्टा आणि त्याला लागून स्पंजासारख्या पेशींचा फिकट पट्टा, अशी रचना असते. पातं एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की मऊ पट्टा फाटतो. माझी पहिली कुंभी तोंडाशी अशी पिंजली की दोरखंडाचं टोक वाटावं. दुसरी चकाच्या, म्हणजे लेथवर लाकूड पकडणाऱ्या पकडीच्या, जबड्यात दबून सैल झाली आणि उडाली. तेव्हापासून मी प्रत्येक पायरीला एकच विचारतो : इथे तंतूला आधार कुठून मिळणार?

ओंडका मिळवणं

यासाठी जिवंत झाड तोडू नका, त्याची गरजही पडत नाही. मिरीच्या बागेत दर वर्षी फांद्या छाटतात, पावसाळ्यात झाडं उन्मळतात. शिवाय गेल्या वीसेक वर्षांत एका बारीक गांधीलमाशीनं पांगाऱ्याची फार नासाडी केली. क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी हे तिचं शास्त्रीय नाव. २००४ मध्ये तिचं वर्णन झालं आणि थोड्याच काळात ती दक्षिण भारतात पोचली. ती कोवळ्या पानांत आणि देठांत अंडी घालते, तिथे गाठी येतात, पानं वेडीवाकडी होतात आणि पुन्हापुन्हा हल्ला झाला की झाड वाळतं. असं नुकतंच वाळू लागलेलं झाड मालक आनंदानं देतो. शहरात असाल तर मात्र वाळलेल्या झाडालाही हात लावण्याआधी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा तिथे लागू आहे.

२२ सेंटिमीटर व्यासाचा, सरळ, गाठ नसलेला ओंडका हवा. साल सोलताना जाड हातमोजे घाला, कारण कोवळ्या भागावरचे काटे चांगलेच घुसतात. बियांपासून लहान मुलांना लांब ठेवा. त्या लाल आणि देखण्या असल्या तरी विषारी आहेत.

तोडल्या दिवसापासून घाई करावी लागते. दमट हवेत चार-पाच दिवसांत लाकडात निळसर-करड्या बुरशीच्या रेघा उमटतात आणि मागोमाग पोखरणारे किडे येतात. तोडल्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट फासा आणि आठवड्याच्या आत पुढची पायरी करून टाका.

ओलं असतानाच भोक

ओंडक्याचा २१ सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्या आणि लेथवर दोन टोकांमध्ये धरून साधारण १८ सेंटिमीटर व्यासाचा सरळ नळकांड्यासारखा करा. वेग मिनिटाला ५०० ते ६०० फेरे पुरे. ओला पांगारा पाणी फेकतो. भिंतीवर, चष्म्यावर, तुमच्यावरही. त्यामुळे लेथचा बेड काम झाल्याबरोबर पुसून तेल लावा, नाहीतर सकाळी गंज दिसेल.

आता या नळकांड्याच्या बरोबर मधून, आरपार, २५ मिलिमीटरचं भोक पाडा. ड्रिल मशीन असेल तर दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं, नसेल तर सुताराचं हातगिरमिट उत्तम. ही पायरी टाळू नका. झाडाचा गाभा याच रेषेत असतो आणि वाळताना पहिली चीर तिथूनच निघते. गाभाच काढून टाकला की चिरेला सुरुवातच मिळत नाही. हवा आतूनही फिरते, त्यामुळे वाळण्याचा वेळ बराच कमी होतो.

किड्यांसाठी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून तुकडा दोन दिवस बुडवून ठेवा. तो तरंगेल, वर दगड ठेवा. पांगारा पाणी इतकं पितो की औषध आतपर्यंत जातं. हे द्रावण गुरं, कुत्री आणि मुलं यांच्यापासून दूर झाकून ठेवायचं.

नंतर सावलीत, वारा लागेल अशा जागी, दोन पट्ट्यांवर उभा ठेवून वाळवा. वजन करून त्यावरच तारखेसह लिहा. दर रविवारी पुन्हा वजन करा. तीन आठवडे वजन बदललं नाही म्हणजे लाकूड हवेशी जुळलं. ऑक्टोबरात सुरुवात केली तर उन्हाळ्यात तुकडा हाती येतो. कोकणात जूननंतर वाळवायला घेतलेलं लाकूड मी दिवाळीपर्यंत मोजतच नाही.

फणसाचा तळ आणि फणसाचं तोंड

मऊ लाकडाच्या कुंभीला दोन ठिकाणी हमखास इजा होते. एक, चकाचे जबडे जिथे धरतात तो तळ. दोन, जिथे हत्याराचा दांडा हजार वेळा घासत आत-बाहेर जातो ते तोंड. दोन्ही ठिकाणी पांगारा ठेवूच नये. मी फणस वापरतो. मध्यम कठीण, कातायला गोड, कोकणात सहज मिळणारा, आणि त्याचा पिवळा रंग पांढऱ्या पांगाऱ्याशेजारी शोभतो. पुढे तो तपकिरी होत जातो, तेही छान दिसतं. साग चालेल, आंबाही चालेल. फक्त तुकडा पूर्ण वाळलेला हवा आणि त्याच्या तंतूंच्या रेषा कुंभीच्या उंचीच्या दिशेनंच असाव्यात. रेषा आडव्या गेल्या तर पावसाळ्यात दोन लाकडं वेगवेगळ्या दिशांनी फुगतील आणि जोड सुटेल.

वाळलेल्या तुकड्याच्या भोकात दोन्ही टोकांना निमुळत्या खुंट्या ठोकून तो लेथवर पुन्हा गोल करा. आता व्यास साधारण १६ सेंटिमीटर राहील. दोन्ही तोंडं सपाट करा. मग तळाच्या बाजूला ५० मिलिमीटर व्यासाचा, १५ मिलिमीटर खोल खळगा घ्या आणि तोंडाच्या बाजूला तेवढ्याच व्यासाचा पण ८ मिलिमीटर खोल.

तळासाठी फणसाचा ८० मिलिमीटर व्यासाचा ठोकळा कातून त्याच्या एका बाजूला खळग्यात बसेल असा १५ मिलिमीटर लांब दट्ट्या काढा आणि दुसऱ्या बाजूला चकात धरायला दुसरा. मधली चकती ३० मिलिमीटर जाड असू द्या. तोंडासाठी ६५ मिलिमीटर व्यासाची, दट्ट्यासह २० मिलिमीटर जाड चकती. तिला आत्ताच भोक पाडायचं नाही. ती भरीव असल्यामुळेच टेलस्टॉकच्या, म्हणजे चकासमोरून लाकडाला टेकू देणाऱ्या भागाच्या, टोकाला टेकायला जागा मिळते.

दट्ट्या खळग्यात हातानं दाबून बसावा, हातोडी लागू नये. हातोडी मारलीत तर पांगारा दबेल आणि आज घट्ट वाटणारा जोड उद्या सैल होईल. पाण्यात न सुटणारा लाकडाचा गोंद किंवा इपॉक्सी दोन्ही बाजूंना लावा. पांगारा गोंद शोषून घेतो, म्हणून पहिला हात लावून दहा मिनिटं थांबा आणि मग दुसरा हात लावून जोडा. शिकंज्यात चोवीस तास.

बाहेरचा आकार

तळाचा फणस चकात, वरच्या चकतीला टेलस्टॉक. टेलस्टॉक आतील पोकळ काम सुरू होईपर्यंत काढायचा नाही.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे. या लाकडाला भरदार पोट आणि हळूच आत येणारे खांदे शोभतात, आपल्या पाण्याच्या तांब्याच्या वळणाचे. सर्वांत रुंद भाग मध्यापेक्षा थोडा वर, उंचीच्या साधारण तीनपंचमांशावर घ्या. खांदा एकदम सपाट करू नका, कारण सपाट खांद्याच्या आतली बाजू पोखरायला वाकडं हत्यार लागतं आणि तिथेच अपघात होतात.

रेषा उभ्या असलेल्या तुकड्यात बाहेरून कापताना दिशा एकच, मोठ्या व्यासाकडून लहान व्यासाकडे. पोटापासून तळाकडे आणि पोटापासून गळ्याकडे. असं कापलं की प्रत्येक तंतूच्या मागे दुसरा तंतू आधाराला असतो. उलट गेलात तर तंतू मोकळ्या हवेत उचकटतो.

गोल पटाशीनं आकार काढताना धार ४० अंशांवर चालेल, पण शेवटच्या दोन-तीन हातांसाठी मी तिरपी पटाशी ३० अंशांपर्यंत पातळ घासून घेतो. कठीण लाकडावर अशी पातळ धार लगेच मोडेल. पांगाऱ्यावर टिकते, आणि तीच इथे कामाची. वेग १२०० ते १३००, हात हलका, कातर कागदासारखी पातळ. पटाशीवरून निघणारा छिलका सलग आणि गुळगुळीत असेल तर ठीक. कापसासारखा पिंजून यायला लागला की काही दाबू नका, लेथ थांबवा आणि धार लावा. मी एका कुंभीच्या बाहेरच्या कामात आठ-दहा वेळा धार लावतो.

लाखपाणी

आता ज्या युक्तीनं हे सगळं शक्य होतं ती. १०० ग्रॅम चपडा लाख एक लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून, गाळून ठेवा. सुतार पॉलिशला वापरतात तेच, फक्त बरंच पातळ. लेथ थांबवून कुंभीच्या अंगावर हे सढळ हातानं फासा. पांगारा ते पिऊन टाकेल. अर्ध्या तासानं पुन्हा, आणि पुन्हा, तिसऱ्यांदा पृष्ठभाग किंचित चमकेपर्यंत. रात्रभर वाळू द्या.

लाख तंतूंमध्ये शिरून कडक होते, म्हणजे मऊ पट्ट्यालाही आतून आधार मिळतो. दुसऱ्या दिवशी ताज्या धारेनं अर्धा मिलिमीटरचा एक शेवटचा हात मारा. आदल्या दिवशी जिथे पिंजलेलं होतं तिथे गुळगुळीत अंग निघतं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लेथ बंद करून बराच वेळ नुसता हात फिरवत बसलो होतो.

स्पिरिट पेट घेतं. बाटली बंद, खिडकी उघडी, जवळ विडी-काडी किंवा ग्राइंडरची ठिणगी नको.

मग पॉलिश पेपर, १८०, २४०, ३२० या क्रमानं. कागद नुसत्या बोटानं धरू नका. बोट मऊ पट्ट्यात शिरतं आणि अंगावर लाटा उठतात. कागदामागे जाड चामड्याचा किंवा कडक रबराचा तुकडा ठेवा. वेग ४०० च्या आसपास, आणि प्रत्येक कागदानंतर लेथ थांबवून उभ्या दिशेनं हलका हात. तोंडावर चांगला मास्क हवाच. हा भुसा इतका हलका असतो की तासभर हवेत तरंगतो.

रंग आधी, पोकळी नंतर

बहुतेक जण कुंभी पोकळ करून मग रंगवतात. लाखेचं काम करायचं असेल तर पांगाऱ्यात हे उलट करा. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरायची असते. घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळते आणि अंगावर चढते. हा दाब ८ मिलिमीटरच्या मऊ भिंतीवर पडला तर भिंत लवते, लाख खंड पडत चढते. आत भरीव लाकूड आहे तोवर हवा तितका दाब द्या.

वेग १२०० ठेवा. कांडी एका जागी धरू नका, नाहीतर खालचं लाकूड तापून काळवंडतं. सावकाश, डावीकडून उजवीकडे. लाखेत हळद, गेरू, नीळ किंवा काजळी घातलेली असते. मी पोटावर गेरू आणि गळ्याशी काजळीची एक बारीक रेघ देतो, मधला पट्टा मुद्दाम कोरा ठेवतो. कारण त्या पांढऱ्या लाकडातले ते फिकट-गडद पट्टे झाकले तर पांगारा कशाला घेतला?

चढलेली लाख बांबूच्या चपट्या चिपाटीनं सारखी पसरवा. मग केवड्याचं वाळलेलं पान, काटे कापून, घडी करून फिरत्या अंगावर दाबून धरा. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे खेळणी करणारे कारागीरही केवड्याचंच पान वापरतात. पानाच्या घर्षणानं लाख एकदा शेवटची सैल होते आणि काचेसारखी बसते. केवडा मिळाला नाही तर स्वच्छ सुती कापड चालतं, चमक थोडी कमी येते.

पोखरणं

टेलस्टॉक काढा. तोंडाच्या फणसात मधोमध ३६ मिलिमीटरचं भोक कातून घ्या. आतलं २५ मिलिमीटरचं भोक लगेच भेटेल. खोली आधीच ठरलेली आहे, कारण भोक तळाच्या फणसावर जाऊन थांबतं.

हत्यार : किमान १९ मिलिमीटर जाडीचा दांडा आणि पुढे ६ मिलिमीटरचा हायस्पीड स्टीलचा तुकडा. सरळ एक, थोडा वाकडा एक. मूठ लांब हवी, कोपराखाली दाबून धरता येईल अशी. टूलरेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायची पट्टी, तोंडाच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या. टोक मध्यरेषेच्या केसभर वर ठेवा. मग हत्यार लवलं तरी खाली मध्यरेषेकडे जातं, जिथे भिंत टोकापासून दूर असते, आणि टोक लाकडात घुसत नाही. वेग ८००.

आतली दिशा बाहेरच्या उलट, लहान व्यासाकडून मोठ्याकडे. म्हणजे तोंडापासून पोटाकडे आणि तळाच्या मध्यापासूनही पोटाकडेच. पण सगळं एकदम आतून पोखरून टाकू नका. आधी खांद्याखालचा भाग, शेवटच्या जाडीपर्यंत पूर्ण. मग पोट. मग तळ. खालचं भरीव लाकूड वरच्या भिंतीला थरथरू देत नाही. एकदा खाली उतरलात की वर परत जाऊन ‘थोडंसं अजून’ करायचं नाही. माझ्या दोन कुंभ्या तेवढ्यानं फुटल्या.

आणि छिलके. कठीण लाकडाचा भुसा आपोआप पडत राहतो. पांगाऱ्याचा आत बोळा होतो, सावरीच्या कापसासारखा, आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. त्या बोळ्यात हत्याराचं टोक अडकलं तर कुंभी हातात राहत नाही. दर मिनिटाला लेथ पूर्ण थांबवा आणि लांब चमच्यानं काढा. फिरत्या कुंभीत बोट कधीही घालू नका. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल हवीच, नुसता चष्मा पुरत नाही.

भिंत ८ मिलिमीटर ठेवा. ३-४ मिलिमीटरच्या भिंतीचं कौतुक इतर लाकडांत असू द्या. इथे त्यानं फक्त नाजूकपणा येतो, आणि वजन तर आधीच कमी आहे. जाडी मोजायला जाड तारेचा चिमट्यासारखा आकडा करा, दोन टोकांत बरोबर १० मिलिमीटर अंतर. एक टोक आतून भिंतीला टेकवा. दुसऱ्या टोकाच्या आणि बाहेरच्या अंगाच्या मधे २ मिलिमीटर फट दिसली की जाडी ८.

तळाशी पोचल्याची खूण सोपी आहे. पांढऱ्या भुशात पिवळा भुसा दिसला म्हणजे फणस लागला. तिथे थांबा.

आतून लाखपाण्याचे दोन हात द्या, फडकं काठीला गुंडाळून. लेथ बंद असताना. वाळल्यावर नवीन धारेनं जिथे हत्यार पोचतं तिथे एक हलका हात. आतलं अंग बाहेरच्याइतकं गुळगुळीत होणार नाही, आणि ३६ मिलिमीटरच्या तोंडातून तसं ते दिसतही नाही. पण बोट जिथवर जातं तिथवर, म्हणजे तोंडापासून साधारण सात सेंटिमीटर, कागदानं नीट घासा. कुंभी हातात घेणारा प्रत्येक माणूस आत बोट घालतोच.

सोडवणं

तळाच्या फणसाची ६ मिलिमीटर जाडीची बैठक ठेवून बाकीचा ठोकळा पार्टिंग टूलनं कापत जा. मधे २० मिलिमीटर व्यास उरला की लेथ थांबवून बारीक दातांच्या करवतीनं सोडवा. बैठकीचा मध्य किंचित खोलगट घासला की कुंभी डगमगत नाही.

पहिला पावसाळा ही तिची परीक्षा असते. जून ते सप्टेंबर ती बंद कपाटात ठेवू नका, उघड्यावर, भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, आणि फणसाच्या जोडाजवळ दर पंधरा दिवसांनी नख फिरवून पाहा. नख अडकलं तर तिथे पातळ इपॉक्सीचा एक थेंब पुरतो. पाणी आत घालायचं नाही, खायचं काही ठेवायचं नाही. फुलं ठेवायचीच असतील तर काचेची परीक्षानळी आत सोडा. फाल्गुनात मी माझ्या कुंभीत पांगाऱ्याचीच एक फुललेली डहाळी ठेवतो.